पेटी, लॅपटॉप आणि कुंदाताई

कुंदाताई रामटेके यांना फोन केला की स्वतःचं नाव सांगायची वेळच यायची नाही. माझ्या "हॅलो"वरच पलीकडून आवाज यायचा, "विशाखा, सर्दी झाली का वं तुले?" आणि मला खरंच सर्दी झालेली असायची. एकदा मी भिलाईच्या सिविक सेंटरमधल्या आमच्या विमा ऑफिसातून त्यांना फोन केला. प्रॅक्टिस कधी, कोणती गाणी घ्यायची, एवढंच बोलणं झालं. ठेवता ठेवता त्या म्हणाल्या, "साहेबाशी भांडण झालं वाटते. जेवून घे आधी, मंग ये." भांडण झालं होतं. आणि मी जेवलेही नव्हते.

हे कान त्यांना इथल्या स्टील प्लांटच्या टेलिफोन एक्सचेंजने दिले. लग्न होऊन वर्ध्याकडून भिलाईला आल्या आणि थोड्याच दिवसांत एक्सचेंजमध्ये लागल्या. डोक्याला हेडफोन, समोर लुकलुकणारे दिवे, हातात जोडायच्या वायरी, अशी त्यांची अर्धी नोकरी गेली. पुढे फोन आपोआप जोडले जाऊ लागले आणि कुंदाताईंना एका ऑफिसात हजेरीच्या कामावर बसवलं. त्या कामाबद्दल त्या कधी काही बोलल्या नाहीत. एक्सचेंजबद्दल मात्र भरभरून बोलायच्या. कोणत्या शॉपचा फोरमन "हॅलो" म्हणण्याआधी खाकरायचा, कोणाच्या मागे कायम पंख्याची घरघर असायची, सगळं त्यांना पाठ होतं.

ठेंगण्या, अंगाने भरलेल्या, सुती साडी खांद्यावर पिनेने घट्ट लावलेल्या. कीबोर्ड वाजवायला उभ्या राहिल्या की उजव्या पायातली चप्पल काढून ठेवायच्या, फक्त उजव्या. सूर लांबवायचं पेडल त्यांना अनवाणी पायाला कळायचं म्हणे. डावी चप्पल पायातच. कार्यक्रम संपला की बायांशी बोलत बोलत तशाच निघायच्या, आणि मागून प्रभाकरराव, म्हणजे त्यांचे मिस्टर, वायरींची गुंडाळी एका हातात आणि बायकोची एक चप्पल दुसऱ्या हातात घेऊन यायचे. यात आपण काही विशेष करतोय असं त्यांच्या चेहऱ्यावर कधी दिसलं नाही.

आमच्या सेक्टरच्या बुद्धविहारात दर रविवारी सकाळी भीमगीतांची प्रॅक्टिस चालायची. जयंती, बुद्धपौर्णिमा, लग्नं, बारशी, कुठूनही बोलावणं यायचं. मी कोरसमध्ये, मागच्या रांगेत. संच उभा केला होता शेंडेकाकांनी. ते दुर्गकडच्या बोरसीला राहायचे, रेल्वेतून रिटायर झालेले, पांढऱ्याशुभ्र शर्टाचे, कमी बोलणारे. पेटी त्यांची. गाणं कितीही जुनं असो, काका सुरुवातीचा तुकडा वाजवायचे आणि आम्हा सगळ्यांचे खांदे आपोआप सैल पडायचे. व्हायोलिनवर सोनटक्के होते, क्लॅरिनेटवर एक वयस्कर गृहस्थ, ढोलकीवर महेंद्र. कुंदाताई एका लहानशा कीबोर्डवर काकांच्या मागे मागे वाजवायच्या. पेटीही त्यांनी काकांकडूनच शिकलेली.

मग एकेक जण गळत गेला. सोनटक्के मुलाकडे हैदराबादला गेले. क्लॅरिनेटवाल्यांचे पुढचे दात गेले आणि दातांबरोबर क्लॅरिनेटही गेलं. उरली पेटी, ढोलकी आणि आम्ही गाणाऱ्या. मांडवात बाजूच्या गल्लीतला डीजे सुरू झाला की आमचं गाणं आमच्याच कानापर्यंत पोचायचं नाही.

त्या सुमारास कुंदाताईंच्या मुलाने पुण्याहून आपला जुना लॅपटॉप आईला पाठवला. व्हिडिओ कॉलसाठी पाठवला होता. बाईंनी त्यात वाद्यं भरली.

म्हणजे काय केलं, ते आम्हाला समजायला दोन रविवार लागले. लॅपटॉपमध्ये वाद्यांचे आवाज ठेवलेले. व्हायोलिन, बासरी, सतार, घंटा, माणसांचा "आ"कारसुद्धा. कीबोर्ड वायरीने त्याला जोडायचा. मग एका पट्टीला एकच आवाज लावायचा, नाहीतर दोन-तीन आवाज एकावर एक चढवायचे. पट्टी एक दाबायची, वाजणार तिन्ही. डाव्या हाताखाली तानपुरा ठेवायचा, उजव्या हाताखाली बासरी. याला त्या "लेअर लावणं" म्हणायच्या.

पहिल्या रविवारी त्यांनी सगळंच लावलं. आम्ही गाणं सुरू केलं, त्यांनी पट्टी दाबली, आणि विहाराच्या खिडक्यांची तावदानं हलली. व्हायोलिनं, तुताऱ्या, घंटा, वर शंभर माणसांचा "आ"कार. ढोलकीवाला महेंद्र वाजवायचाच थांबला. प्रभाकररावांची सगळी नोकरी भट्टीवर गेलेली. ते शांतपणे म्हणाले, "कुंदा, हे गाणं नाही झालं. हे तं भट्टीचं तोंड उघडलं."

कुंदाताई इतक्या हसल्या की त्यांना खुर्ची द्यावी लागली.

पण पुढच्या रविवारी आल्या त्या वेगळ्याच होऊन. फक्त दोन आवाज. खाली व्हायोलिनांचा एक पातळ पदर, असला नसला कळणार नाही असा, आणि वर कडव्यांच्या मध्ये एकटी बासरी. आम्ही गायला लागलो की बासरी गप्प. मी विचारलं, "बाकीचं कुठे गेलं?"

"कट केलं," त्या म्हणाल्या. "एक्सचेंजमध्ये सगळ्या लाईनी एकदम जोडल्या तं काय ऐकू येईन? नुसता कालवा. एका वेळी एकानंच बोलाचं. बाकीच्यानं हूं-हूं कराचं. तुम्ही गाऊन राहिल्या तं माह्या डब्ब्यानं नुसतं हूं-हूं कराव."

त्यानंतर त्यांचं ते हूं-हूं आमच्या गाण्याखाली कायमचं आलं. गाणाऱ्याला असं वाटायचं की कोणीतरी पाठीवर हात ठेवला आहे.

दुपारी ऑफिसातून आल्या की त्या हेडफोन लावून सराव करायच्या. त्यामुळे आवाज बाहेर यायचा नाही, यायची ती पट्ट्यांची टकटक. शेजारच्या क्वार्टरमधल्या साहूबाईंनी एकदा कुंपणावरून छत्तीसगढीत विचारलं, "दिन भर का टाइप करथस, दीदी? आफिस के काम घरो मा लाने हस का?" कुंदाताईंनी त्यांना आत बोलावलं, त्यांच्या कानाला हेडफोन लावला आणि बासरी वाजवली. साहूबाई तशाच उभ्या राहिल्या, गॅसवर दूध असूनही. दूध उतू गेलं. त्यानंतर त्या बऱ्याच दुपारी हेडफोन मागायला यायच्या आणि आधी गॅस बंद करून यायच्या.

एका जयंतीला कॅम्प वस्तीतल्या मोकळ्या मैदानावर कार्यक्रम होता. एप्रिलची संध्याकाळ, पण जमिनीतून अजून वाफा निघत होत्या. तिसऱ्याच गाण्याला लॅपटॉप तापला आणि आवाजात तडतड सुरू झाली, कढईत पाणी पडल्यासारखी. मी मागून पाहत होते. कुंदाताईंचा उजवा हात वाजवतच होता. डाव्या हाताने त्यांनी एक आवाज काढून घेतला, कडवं संपल्यावर दुसरा, आणि ध्रुवपदाला आलो तेव्हा नुसता एक सूर उरला होता, तोही अगदी हलका. तडतड थांबली. प्रभाकररावांनी तोवर कूलरवाल्याशी हुज्जत घालून कूलरचं तोंड लोकांकडून वळवून लॅपटॉपकडे केलं होतं. पहिल्या रांगेतली मंडळी घामाघूम झाली, पण गाणं कुठेही तुटलं नाही. खाली उतरल्यावर एक बाई म्हणाली, "ते शेवटचं किती हळू हळू केलं जी तुम्ही, डोळ्यात पाणी आलं." कुंदाताईंनी मान डोलावली आणि माझ्या कानात म्हणाल्या, "माह्याही आलं होतं. पण भीतीनं."

याच काळात शेंडेकाकांचा उजवा हात थरथरायला लागला.

आधी ते हात खिशात ठेवायला लागले. मग चहाचा कप डाव्या हाताने घ्यायला लागले. डॉक्टरांच्या गोळ्या चालू होत्या, पण पेटीपुढे बसले की लपवायला जागा नसायची. एक सूर धरायचा म्हटला की बोट त्या पट्टीवर नाचायचं आणि सूर तुकड्या-तुकड्यांनी यायचा. आम्ही ऐकत नसल्यासारखं करायचो. काकांना ते कळायचं.

संचातल्या काहींनी विषय काढला. वाईट हेतूने नाही. पौर्णिमेला काकांचा सत्कार करू, शाल देऊ, दोन शब्द बोलू, आता त्यांना आराम करू द्या. कुंदाताई एवढ्या रागावलेल्या मी तेव्हाच पाहिल्या. म्हणाल्या, "शाल कावून देतात, मले माहीत नाही का? शाल खांद्यावर टाकली का माणूस खुर्चीतून उठते, आन् मंग त्या खुर्चीत तो परत बसत नाही."

आणि मग त्यांनी ते केलं, जे करायला नको होतं.

त्यांनी आपल्या थरांमध्ये पेटीचा एक आवाज घातला. काका जे वाजवतील तेच त्या त्याच वेळी वाजवायच्या. काकांच्या सगळ्या चाली त्यांच्या बोटांत होत्याच. माइकची व्यवस्था प्रभाकररावांकडे असायची, तेव्हा काकांच्या पेटीपुढचा माइक हळूहळू कमी होत गेला. लोकांना भरदार, सरळ पेटी ऐकू यायची. काकांनाही समोरच्या स्पीकरमधून तीच ऐकू यायची. एका लग्नानंतर ते कुंदाताईंना म्हणाले, "हात सुधरून राहिला वाटते माहा." त्यांनी डाव्या पायातली चप्पलही काढली. अनवाणीच बाहेर गेल्या.

मग नेहरू नगरच्या एका हॉलमध्ये बारसं झालं. काकांची सून सुनीता पाळण्याजवळ बसली होती, तिने मोबाईलवर सगळं गाणं टिपलं. घरी गेल्यावर काकांनी ते ऐकलं, पुन्हा लावायला सांगितलं, आणि आणखी एकदा. सुनीताने हे नंतर आम्हाला सांगितलं. तिसऱ्यांदा ऐकून ते एवढंच म्हणाले, "ही मुरकी कुंदा घेते. मी नाही घेत."

रविवारी ते विहारात आले, पण बसले नाहीत. दारातच उभे राहून त्यांनी प्रभाकररावांना विचारलं, "त्या दिवशी माह्या माइकचा आवाज किती ठेवला होता?"

प्रभाकररावांना खोटं बोलता येत नाही. ते वायरी सोडवत राहिले. "कमी होता, काका."

"किती कमी?"

प्रभाकररावांनी वायर खाली ठेवली. "बंद होता," प्रभाकरराव म्हणाले.

काकांनी पेटी मिटली, कुलूप लावलं. महेंद्र उचलायला पुढे झाला, त्याला हाताने थांबवलं. स्वतःच दोन्ही हातांनी उचलून पायऱ्या उतरले आणि ऑटो करून गेले. कुंदाताई कीबोर्डमागे उभ्या होत्या. त्यांनी लॅपटॉप बंदही केला नाही. तो आपोआप काळा झाला.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्या माझ्या दारात. "बोरसीले सोडून दे मले. हे यायले तयार नाहीत, लाजून राहिले." पाठीवर लॅपटॉपची पिशवी होती. कशाला घेतली म्हणून विचारलं तर म्हणाल्या, "माहीत नाही." मी स्कूटर चालवली, एवढंच माझं काम. 

काका अंगणात प्लास्टिकच्या खुर्चीवर बसले होते. "जय भीम" झालं. सुनीताने पाणी आणलं.

"काका, चुकलं माहं," कुंदाताई म्हणाल्या.

"काय चुकलं?"

"तुमचा माइक बंद ठेवला."

"ते नाही." काकांचा हात मांडीवर थरथरत होता आणि त्या दिवशी त्यांनी तो लपवला नाही. "मले विचारलं नाही, ते चुकलं. विचारलं असतं तं मी हो म्हनलो असतो. नाही तं नाही म्हनलो असतो. तू मले दोन्ही म्हनू नाही देलं."

"तुम्ही उठून गेले असते."

"गेलो असतो. पन माह्या पायानं गेलो असतो, बाई. तू मले बसवून ठेवलं आन् माहीच जागा रिकामी केली."

कुंदाताई रडल्या. आवाज न करता, पदर तोंडाशी न नेता, काकांकडे बघत. मी तुळशीच्या कुंडीकडे बघत होते. सुनीताने चहा आणला, तो सगळ्यांनी प्यायला. कप खाली ठेवून कुंदाताईंनी नाक पुसलं आणि म्हणाल्या, "आता विचारू?"

"विचार."

"तुम्हाले वाजवाचं आहे का?"

 गल्लीतून भाजीवाला ओरडत गेला. तो कोपऱ्यावर वळेपर्यंत काका थांबले. "आहे," म्हणाले.

"मंग माहा डब्बा एकदा ऐकून घ्या. त्याच्यात काय ठेवाचं, काय काढाचं, तुम्ही सांगा."

लॅपटॉप उघडला, काकांच्या कानाला हेडफोन लागला. कुंदाताई एकेक आवाज वेगळा करून ऐकवू लागल्या. व्हायोलिन आल्यावर काकांनी डोळे मिटले. "हा कोन? सोनटक्के?"

"नाही जी. कोणी बाहेर देशातला असन."

"सोनटक्के बरा होता," काका म्हणाले, आणि त्या संध्याकाळी पहिल्यांदा कोणीतरी हसलं. पेटीचा आवाज आला तेव्हा मात्र त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या. "ही पेटी कोनाची?"

"ज्यानं हे बनवलं, त्याची."

"हिच्यात हवा नाही. सूर आहे, हवा नाही." त्यांनी हेडफोन काढला. आत जिकडे त्यांची पेटी ठेवली होती तिकडे बघत बसले. मग म्हणाले, "माही भरता येते का त्याच्यात?"

कुंदाताईंच्या चेहऱ्यावर जे आलं ते मला नीट सांगता येणार नाही. एवढंच आठवतं की त्या उठल्या, बसल्या आणि पुन्हा उठल्या.

पुढच्या रविवारी काकांच्या मधल्या खोलीत पेटीचे सूर भरायचं काम झालं. पंखा बंद, खिडक्या बंद, दाराच्या फटीत चादर. पेटीला एक हात पट्टीवर लागतो आणि एक हात भात्यावर. काकांचा डावा हात ठणठणीत होता. म्हणून भाता काकांनी ओढायचा आणि पट्टी कुंदाताईंनी दाबायची, एकेक सूर, सरळ, संपेपर्यंत. "हवा काकांची, बोट माहं," कुंदाताई म्हणाल्या. एका सुराच्या मध्येच शेजारच्या कुकरने शिट्टी दिली. तो पुन्हा घेतला, तर बाहेर कबाडीवाला. तिसऱ्यांदा सगळं नीट झालं आणि शेवटी काकांनाच शिंक आली. काकांनी पेटीवर डोकं टेकलं आणि खांदे हलायला लागले. आम्हाला वाटलं त्यांना त्रास होतोय. ते हसत होते. घामाने त्यांचा पांढरा शर्ट पाठीला चिकटला होता आणि ते हसत होते. "शिंक ठेव," म्हणाले. "लोकाले समजू दे, असली माल आहे."

शिंक नाही ठेवली. पण भात्याचा तो बारीक सुस्कारा, सूर लागायच्या आधीचा, कुंदाताईंनी जाणून ठेवला.

खरी खटपट नंतर सुरू झाली. काकांसाठी एक छोटा कीबोर्ड वेगळा घेतला. त्यात त्यांचीच पेटी, पण त्यांच्या हाताला झेपेल अशी करायची होती. थरथरीने बोट पट्टीवरून सुटलं तरी सूर लगेच तुटू नये, आणि पट्टी जोरात दाबली गेली काय, हळू दाबली गेली काय, आवाज सारखाच यावा. पहिल्यांदा कुंदाताईंनी सूर इतका लांबवला की सगळे एकमेकांत मिसळले. काका म्हणाले, "हे तं विहिरीत बसून वाजवून राहिलो." मग इतका आखूड झाला की थरथर परत ऐकू यायला लागली. कितीतरी संध्याकाळी त्या बोरसीला जात राहिल्या. प्रभाकररावही यायला लागले होते. काका त्यांना चहा द्यायचे आणि माइकचा विषय दोघंही काढायचे नाहीत.

एका संध्याकाळी काकांनी पट्टी दाबली. हात थरथरत होता, बोट नाचत होतं. सूर मात्र आधी बारीक सुस्कारा टाकून वर आला आणि थांबला. एकच, सरळ. काकांनी दुसरी पट्टी दाबली. पहिला सूर हळूच मागे सरला आणि दुसरा पुढे आला. काका हाताकडे बघत राहिले, मग कुंदाताईंकडे.

"राहिला," ते म्हणाले.

"राहिला, काका."

"पन एक आयक," काकांनी लगेच बोट उगारलं. "पहिल्या गान्याचा पहिला तुकडा मी माह्या खऱ्या पेटीवर धरीन. माइक चालू पाहिजे. थरथरलं तं थरथरू दे."

बुद्धपौर्णिमेच्या संध्याकाळी विहार भरलेलं होतं. काकांनी खरी पेटी पुढे ओढली. प्रभाकररावांनी माइक जवळ आणला आणि सगळ्यांदेखत विचारलं, "काका, आवाज पाहून घ्या, ठीक आहे का?" काकांनी मान हलवली. सुरुवातीचा तुकडा आला. तुटत, अडखळत, कापऱ्या आवाजातल्या माणसाने बोलावं तसा. कुंदाताईंनी दोन्ही हात कीबोर्डवरून काढून पाठीमागे धरले होते. कोणी खोकलं नाही. तुकडा संपला, काका सावकाश छोट्या कीबोर्डकडे वळले आणि तीच चाल त्यावर सुरू केली. आता सूर सरळ होता, आणि पेटी तीच होती. तेव्हा कुठे कुंदाताईंनी व्हायोलिनांचा पातळ पदर खालून आत सोडला. मी कोरसमध्ये होते, मला गायचं होतं, आणि पहिली ओळ माझ्याकडून निसटली. माझ्या शेजारणीकडूनही.

नंतर एका म्हाताऱ्याने काकांचा हात धरला. "मस्त वाजली पेटी, शेंडेजी."

"ते पहिलं वाजलं ते थोडं खराब वाजलं," काका म्हणाले. "पन मीच वाजवलं. दुसरंही मीच."

त्यानंतर काका संचात चांगली काही वर्षं वाजवत राहिले. शाल कोणी आणली नाही. आणि कुंदाताईंना एक नवीच सवय लागली, प्रत्येकाला प्रत्येक गोष्ट विचारायची. महेंद्रला विचारायच्या, "ढोलकीखाली थोडा खर्ज ठेवला तं तुले राग तं नाही येणार?" आम्हा गाणाऱ्यांना विचारायच्या, "तुमच्या आवाजावर बासरी आणू का, का एकट्याच गाता?" कधीकधी याचा वैताग यायचा. प्रभाकरराव म्हणायचे, "आता चहात साखर टाकाले बी मले विचारते. मी म्हनतो, टाक ना वं बाई, तीस वर्सं टाकून राहिली." पण खरं सांगायचं तर आमचा संच कधी चांगला वाजला असेल तर त्याच वर्षांत. कोणाचाही आवाज दुसऱ्याखाली दबला नाही.

कुंदाताई रिटायर झाल्या आणि क्वार्टर सोडायची वेळ आली. मुलगा पुण्याला बोलावत होता, नातू झाला होता. लॅपटॉप त्यांनी सुनीताकडे दिला. तिने तोवर काकांना आणि कुंदाताईंना विचारून विचारून बरंच शिकून घेतलं होतं. विहारातल्या निरोपाला कुंदाताईंनी भाषण करायला साफ नकार दिला आणि सगळ्यांना आलूबोंडे वाढत फिरल्या.

त्यानंतर दोन-तीन दिवसांनी मी ऑफिसातून सुटले. सिविक सेंटरच्या कोपऱ्यावर गुपचुपच्या, म्हणजे पाणीपुरीच्या, ठेल्यापाशी कुंदाताई आणि प्रभाकरराव उभे होते. दुसऱ्या दिवशी सकाळची रेल्वे होती. सामान ट्रकने पुढे गेलेलं, घरात गॅस नव्हता, म्हणून गुपचुपवरच जेवण चाललं होतं. कुंदाताईंच्या हातात पानाचा दोना, डोळ्यांतून पाणी, नाक लाल, आणि ठेलेवाल्याला म्हणत होत्या, "भैया, पुना मा ऐसा नहीं मिलेगा, और तीखा बना." मला बघून त्यांनी तोंड भरलेलं असतानाच हाताने खूण केली. मी गेले. त्यांनी आपल्या दोन्यातलं एक गुपचुप सरळ माझ्या तोंडात घातलं. ते फुटलं, चिंचेचं पाणी हनुवटीवरून ओढणीवर ओघळलं, आणि मी काही बोलणार त्याच्या आत त्यांनी दुसरं तयार ठेवलं होतं. आम्ही बोललो असं काहीच नाही. तिखटाने बोलता येत नव्हतं.

मग प्रभाकररावांनी घड्याळ पाहिलं. ते दोघं एका दिवसासाठी मागून आणलेल्या व्हॅनमध्ये बसले, प्रभाकरराव चालवायला. कुंदाताईंनी खिडकीतून हात बाहेर काढला आणि हलवत राहिल्या. व्हॅन रस्त्याला लागली, गर्दीत शिरली. प्रभाकररावांनी डावीकडचा इंडिकेटर लावला होता आणि बंद करायचा राहून गेला होता. मागचे स्कूटरवाले बिचारे वाट देत उजवीकडे सरकत होते, आणि गाडी आपली सरळ चालली होती, दिवा लुकलुकत, हात हलत.